भाऊच्या नावाचा गोटा

पयले हे सांगून ठेवतो, का मी भुताखेताले मानत नाई. सव्वीस वर्सं राजकारणात काढली मी. जित्या माणसाईनंच एवढा ताप देल्ला का मेलेल्याईकडे पायाले टाईमच नाई भेटला. आता गावात कोणी म्हणते, डोमाचं डोस्कं सरकलं. म्हणू द्या. तुमी आयकून घ्या, मंग काय म्हणाचं थे म्हणा.

नानाजीभाऊ तुमरेटी, तीन खेपा आमदार, अन् मी त्याईचा पीए. भाऊ पंचायत समितीचे सदस्य होते तवापासून मी त्याईच्या संगं हाये. नावाले पीए, बाकी सारंच माह्या आंगावर. भाषण लिवणं, मयतीले हार पोचवणं, पोट्ट्याईच्या भांडणात ठाण्यात फोन करणं, भाऊले बीपीच्या गोळीची आठवण देणं. मी सिंदेवाहीकडचा, धानाच्या शेतीवाल्या घरचा. भाऊ गोंड, पण लहानपण आश्रमशाळेत गेलं अन् जवानी नागपूरच्या होस्टेलात. गोंडी त्याईले येत होती, पण सभेतलं पयलं वाक्य म्हणाएवढीच.

आता येरमटोला. गडचिरोलीच्या खालच्या आंगाले, जंगलात, साठ-सत्तर घराईचं गाव. मधात नाला. पाऊस लागला का चार महिने गाव तिकडे अन् दुनिया इकडे. सुकरी नावाची एक म्हातारी होती तिथी, तिची सून बाळंतपणाच्या कळा घेत नाल्याच्या काठावरच गेली. पाणी उतराची वाट पायता पायता गेली. तवापासून ते लोकं पूल मांगून राह्यले होते.

मागच्या खेपेच्या निवडणुकीच्या वक्ताची गोठ हाये. आचारसंहिता सायंकाळपर्यंत कवाबी लागन, असं मुंबईवरून समजलं होतं. एकडाव आचारसंहिता लागली का नारळ फोडता येत नाई. म्हणून मी एका दिवसात नऊ भूमिपूजनं लावली. येरमटोला सातवं. काळ्या ग्रॅनाईटची कोनशिला मीच ऑर्डर देऊन बनवली होती, तीन फूट उंच, सोनेरी अक्षरात भाऊचं नाव भल्लं मोठं अन् पुलाचं नाव खालतं बारीक. तसं विटा-सिमेंटचा ओटा बांधून त्याच्यात ती बसवावी लागते. पण मिस्त्री तिसऱ्याच गावी गाडी बंद पडून अटकला. आता बिना मिस्त्रीचं कसं कराचं? मी म्हणलो, खड्डा खांदा अन् गाडा उभी. एक फूट जमिनीत, दोन फूट वरतं.

नाल्याच्या काठावर सारा चिखल. थोडं वरतं मोहाच्या झाडाईखाली टणक जागा होती, गाडी तिथवर गेली. तिथी पयलेच तीस-चाळीस गोटे उभे होते. कोणता गुडघ्याएवढा, कोणता माणसाएवढा, साधे, बिना अक्षराचे. देवाचं ठिकाण असंन म्हणलं, चांगलंच हाये, फोटोत बरं दिसते. एवढाच इचार केला मी. तुमी असते तं तुमीबी तेवढाच केला असता, उगाच तोंड वाकडं करू नका.

गावचा गायता होता झिंगू. गायता म्हणजे देवाधर्माचं अन् मयताचं सारं त्याच्या हातात, आजूबाजूची अकरा गावं त्याचंच आयकत. वाळला-कोळला म्हातारा, मराठी तोडकी. तो माह्याजवळ आला अन् इचारलं, "ह्या गोटा कोनाचा?"

"भाऊचा."

"भाऊचाच?"

"अगा हाव ना! नाव लिवलं हाये त्याच्यावर. वाचता येत नाई तं माह्यावर भरवसा ठेव."

त्यानं माह्या छातीवर हात ठेवला. हात थंडा होता. "तू सांगते?"

"मी सांगतो," म्हणलो मी. "हा नानाजीभाऊचा गोटा हाये. आता आटप बाबा, आणखी दोन गावं रायली हायेत."

झिंगू लोकाईकडे वळला अन् गोंडीत काईतरी बोलला. सारे लोकं एकाच वक्ती खालतं बसले. बायाईनं केस सोडले अन् रडाले लागल्या. सुकरी तं त्या गोट्याले गळ्याशी धरून रडे. कोणी हळद आणली, कोणी तांदूळ, एक जण ढोल वाजवाले लागला, पण लगित हळूहळू. मले वाटलं, बिचारे पुलाच्या खुशीनं रडून राह्यले. मी फोटोवाल्याले कोपरानं ढोसलं, घे बे, घे, असा सीन भेटत नाई. भाऊ बाजूले फोनवर होते. फोन संपवून आले, साऱ्याईले हात जोडले, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी पेपरात मीच बातमी देल्ली, 'पुलाच्या भूमिपूजनाने ग्रामस्थांना अश्रू अनावर'.

त्या खेपेले भाऊ नऊशे मतानं निवडून आले. येरमटोल्याच्या बूथवर भाऊले भेटलेली मतं शून्य. बाजूच्या अकराई गावाईत शून्य. मले लगित संताप आला. दुसऱ्या पार्टीचा माणूस तिथी फिरकला नव्हता, तरी शून्य!

अन् पूल झाला नाई. खोटं काऊन बोलू? मंजूर झालेला पूल भाऊनंच तालुक्याच्या गावाकडे वळवला, आमच्या कार्यकर्त्याईच्या वस्तीसाठी. फाईल मीच घेऊन गेलतो.

निवडून आल्यावर आभार दौरा काढला. येरमटोल्यात झाडाखाली खाटा टाकल्या लोकाईनं. मले चहा, डायव्हर विक्कीले चहा, पोलिसवाल्याईले चहा. भाऊले नाई. भाऊनं हात जोडून जोहार केला. कोणीच जोहार नाई घेतला. त्याईच्या डोळ्यात राग असता तं मले समजलं असतं, रागवलेल्या लोकाईले कसं मनवाचं थे माहं कामच होतं. पण राग नव्हता. भाऊ जिथी उभे होते तिथून लोकाईची नजर सरळ पार जाये. एक लहान पोट्टी भाऊकडे पाऊन हासली, तं तिच्या मायनं पटकन तिच्या डोळ्यावर हात ठेवला. मंग सुकरी आली. पळसाच्या पानाच्या द्रोणात शिजलेला भात अन् मोहाची थोडी दारू घेऊन आली, भाऊच्या पायापासून हातभर दूर जमिनीवर ठेवली, अन् पाठ न दाखवता मांगं मांगं सरकत गेली.

गाडीत बसल्यावर भाऊनं मांगं वळून गावाकडे पायलं. मंग म्हणे, "डोमा, कोनशिला कुठी गाडली होती आपण?"

मी सांगतलं. भाऊचा चेहरा उतरला.

"माह्या आजाचा गोटा असाच हाये आमच्या गावी," भाऊ म्हणे. "माणूस मेला का त्याच्या नावानं उभा करते. मंग दर सणाले त्याले जेवू घालते. गोटा वाढला तं समजाचं, माणूस तिकडे सुखात हाये."

"गोटा कसा वाढन भाऊ?"

"वाढते म्हणते."

आमी दोघंबी हासलो. भाऊ थोडे कमी हासले. ज्यानं त्या झिंगूले तीनदा शब्द देल्ला होता थो मी होतो, हे मी भाऊले नाई सांगतलं. म्हणलं, जाऊ दे, जंगलातली गोठ जंगलातच रायते.

नाई रायली.

पयलं वर्स काई खास झालं नाई. भाऊ बारीक होऊन राह्यले होते, आमाले वाटलं शुगर हाये. तपासलं तं शुगर नाई. मंग एका दिवशी चंद्रपूरच्या रेस्ट हाऊसवर दुपारी मी ताट मांगवलं तं भाऊ म्हणे, "नको गा. सकाळपासून पाणीबी नाई घेतलं, पण पोट गच्च भरलं हाये. तोंडात नव्या तांदळाची चव हाये, अन् मोहाची." भाऊनं आयुष्यात दारू शिवली नव्हती. मी उगाच येरमटोल्याच्या ग्रामसेवकाले फोन लावला. थो म्हणे, "आज इथी नवाखाई हाये साहेब, नवं धान पयले मेलेल्याईले देऊन राह्यले लोकं." मी फोन कापला. भाऊले म्हणलो, ॲसिडिटी असंन.

त्याच्यानंतर असंच सुरू झालं. सिंदेवाहीले शेतकरी मेळावा होता, भाऊ स्टेजवर मधातल्या खुर्चीत बसले होते. सूत्रसंचालन करणारा पोट्टा माईकवर म्हणे, "आमदार साहेब काही कारणास्तव येऊ शकले नाहीत, त्यांचा शुभेच्छा संदेश वाचून दाखवतो." मी धावत जाऊन त्याची कॉलर धरली. त्यानं मधातल्या खुर्चीकडे पायलं, डोळे बारीक केले, दोन पळं गेली, मंग म्हणे, "अरे हो, सॉरी सॉरी, बसले हायेत ना." अधिवेशनात भाऊनं माह्यासमोर हजेरीची सही केली, दुसऱ्या दिवशी पायतो तं जागा कोरी. मार्कंड्याच्या जत्रेत लोकं भाऊच्या आंगावर येऊन आदळत, अन् आपण कशाले ठेचकाळलो म्हणून खालतं पायत. माफी कोणी मांगे नाई. मी मोठमोठ्यानं 'आमदार साहेब, आमदार साहेब' म्हणत पुढे चालू, तवा कुठी लोकं बाजूले होत. मी बोट दाखवलं का भाऊ दिसत. बोट खालतं केलं का गेले.

एवढी वर्सं मी भाऊसाठी गर्दी जमवली. आता भाऊ हायेत हे साऱ्याईले सांगणं, एवढंच माहं काम होऊन बसलं होतं. मी थकून गेलो होतो, खरंच थकून गेलो होतो. पण मले भाऊ चांगले दिसत, त्याईचा शब्द न् शब्द आयकू ये. मलेच काऊन, हे मले तवा समजलं नाई.

मंग ही निवडणूक आली. पार्टीच्या पयल्या यादीत भाऊचं नाव नाई. दुसरीत नाई. मी फोन केला तं तिकडचा माणूस म्हणे, "अहो, चुकून राहिलं. तिथले सध्याचे आमदार कोण आहेत म्हणालात?" मी बम शिव्या घातल्या त्याले. पण तिकिटाची चिंता भाऊले रायली नव्हती.

कारण त्याच सकाळी दुसरं झालं होतं. मी भाऊच्या घरी होतो, भाऊ समोरच्या सोफ्यावर पेपर वाचून राह्यले होते. सुगंधाबाई, म्हणजे आमच्या वहिनी, आतून आल्या. टेबलावर एकच कप ठेवला, माह्यासाठी. अन् मले इचारलं, "डोमाभाऊ, हे कवा येतीन हो दौऱ्यावरून? चार दिवस झाले, फोनबी नाई."

भाऊ उभे राह्यले. म्हणे, "सुगंधा." वहिनीच्या तोंडासमोर जाऊन म्हणे, "सुगंधा, मी इथीच हाये ना." वहिनी पेपराची घडी करून आत निंगून गेल्या.

मी त्या माणसाले तीन निवडणुका लढताना पायलं. लोकाईनं गोटे मारले तवा पायलं, बाप गेला तवा पायलं. रडताना त्या दिवशी पयल्यांदा पायलं. माहा हात धरून म्हणे, "डोमा, मले तिकीट नाई पायजे, आमदारकी नाई पायजे. फक्त घरच्याईले मी दिसलो पायजे. काई कर गा, पण मले यातून काढ."

मी म्हणलो, "भाऊ, तुमच्यासाठी जीव देईन." हे मी स्टेजवर हजारदा म्हणलं होतं. तोंडाले सवय होती.

दुसऱ्या दिवशी आमी येरमटोल्याले गेलो. गाडीत विक्की, मी अन् भाऊ. दुपारचे बारा वाजले होते, ऊन कडक, नाल्याले घोट्याएवढं पाणी. मोहाखालच्या जागेवर पोचलो अन् माहे पाय तिथीच थांबले. दोन फूट वरतं ठेवलेली कोनशिला माह्या डोक्याच्या वरतं गेली होती. मी हात उंच केला तवा टोकाले बोट लागलं. अक्षरंबी वाढली होती. सोनेरी रंग तसाच चकचकीत, कोणी रोज पुसते असा. बुडाशी हळद, तांदूळ, ताजी द्रोणं.

मी गाडीतून लोखंडी सब्बल आणली. कोणाले इचारलं नाई. बुडाशी खांदाले लागलो. एक फूट गाडली होती ना? एक फूट गेलो, दीड फूट गेलो, हात भरून आले, गोट्याचं बूड काई लागे नाई. खालतं जाये तसा थो रुंद होत जाये. भाऊ सावलीत बसून पायत होते. त्याईले घामबी येत नव्हता.

"तो नाई निंगे," मांगून आवाज आला. झिंगू. त्याच्या संगं सुकरी अन् पंधरा-वीस लोकं. आवाज न करता कवा येऊन उभे राह्यले, माईत नाई.

मी सब्बल फेकली अन् साऱ्याईच्या समोर हात जोडले. बोललो, मायबाप, चूक झाली. मले रीत माईत नव्हती. माणूस जिता हाये, हा पाहा समोर बसला हाये. सोडवा त्याले. पूलबी करून देतो, माहं इमान सांगतो. सुकरी पुलाचं नाव आयकून माह्याकडे पाऊन राह्यली.

झिंगूच्या बोलण्यात राग नव्हता, दयाबी नव्हती. ग्रामसेवक दाखला कसा भेटन थे सांगते, तसंच तो सांगे. "तू सांगतला होता. तीन डाव सांगतला. म्हून तुले दिसते तो. बाकी कोनाले नाई दिसे." मंग गोट्यावर हात ठेवून म्हणे, "सोडवता येते. तू म्हन, ह्या गोटा त्याचा नाई."

"नाई त्याचा!" मी ओरडलो. "नाई त्याचा, नाई त्याचा! झालं?"

"मंग कोनाचा?"

मी गोट्यावरचं नाव पायलं.

"पाच साल जेवला हाये. बिना मानसाचा गोटा उभा नाई रहात. एक नाव लागते. ज्यानं सांगतला, त्यानंच नाव द्याचं. तुजं सोताचं देल्लं तं चालते. दुसऱ्याचं खोटं नाव आता नाई चाले."

भाऊ उठले. माह्यासमोर येऊन उभे राह्यले. माह्यापासून हातभर. ती पाच वर्सं लपवलेली गोठ भाऊले आता समजली होती, पण त्याच्यावर एक शब्द बोलले नाईत. म्हणे, "डोमा." फक्त एवढंच. जोर नाई देल्ला, हुकूम नाई केला. मांगत होते, अन् मांगाची लाज वाटून राह्यली होती त्याईले.

माही पोरगी दिव्यानी चंद्रपूरले नर्सिंगले हाये. दर रविवारी फोन करते, 'बाबा जेवले का' इचारते. मले एकदम तिचा चेहरा दिसला, माह्यातून पार पाहणारा. मले भेव वाटलं. असं भेव मले कवाच वाटलं नव्हतं. मनात म्हणलो, पूल भाऊनं वळवला ना, मी थोडाच वळवला? मी तं फाईल नेली. नोकरमाणूस मी. मनात म्हणलो, भाऊचं खाऊनपिऊन झालं, तीनदा आमदार झाले, आता अजून काय पायजे माणसाले? एवढं घाण मी मनात बोललो. ते मी लपवत नाई.

झिंगूनं दुसऱ्यांदा इचारलं, "कोनाचा?"

मी पायाकडे पायलं.

तिसऱ्यांदा इचारलं. मोहाच्या झाडावर एक पान हालत नव्हतं. सारे लोकं माह्या तोंडाकडे पाऊन राह्यले होते अन् भाऊबी पाऊन राह्यले होते. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. डो... एवढं बाहेर आलं असंन. मंग मी म्हणलो, "भाऊचा."

झिंगूनं मान हालवली. सुकरी पुढे आली, तिनं माही मूठ उघडून हळद लावलेले तांदूळ ठेवले. आतापर्यंत गावानंच देल्लं होतं, भाऊच्या जवळचं माणूस म्हणून कोणी देल्लं नव्हतं. मी वाकलो अन् माह्या हातानं थे तांदूळ गोट्याच्या बुडाशी सोडले.

वरतं पायलं तं भाऊ होते. ओठ हालत होते त्याईचे. लगित काईकाई बोलून राह्यले होते, हात हालवून, सभेत बोलत तसे. मले आयकू आलं नाई. नाल्याचं पाणी आयकू आलं, सुकरीच्या बांगड्या आयकू आल्या, भाऊ नाई. मंग डोळ्यात घाम गेला म्हणून मी रुमालानं डोळे पुसले. रुमाल काढला तवा तिथी मोहाची सावली होती अन् गोटा होता. बायाईनं केस सोडले.

मी खालतं गाडीजवळ आलो. पुढची सीट एवढी वर्सं भाऊची. मी दार उघडलं अन् तिच्यावर बसलो. विक्कीनं काऊन म्हणून इचारलं नाई. त्यानं चाबी फिरवली, आरशात मांगची रिकामी सीट पायली अन् म्हणे, "डोमाभाऊ, तुमी एकल्यानंच याचं होतं तं एवढी मोठी गाडी काऊन काढाले लावली?"

मी म्हणलो, "चाल तू."